लेथची मागची आवृत्ती

मशीन बिघडलं की माणसं खोटं बोलतात, हे मी वीस वर्षांत पुरतं ओळखून आहे. कोणीच कशाला हात लावलेला नसतो. सगळं म्हणे आपोआप होतं. आपोआप तर आमच्या सिडकोत नळालासुद्धा पाणी येत नाही. आठ दिवस वाट बघायची, मोटर लावायची, शेजारणीने आपल्या आधी लावली म्हणून तिच्याशी भांडायचं, तेव्हा कुठे दोन ड्रम भरतात. त्यामुळे कोणी आपोआप म्हटलं की माझं डोकं फिरतं.

वाळूजला ज्या लहान वर्कशॉपना नवा कंट्रोलर घ्यायचा नसतो, त्यांच्या जुन्या मशीनला मी साधा कॉम्प्युटर जोडून देते. त्यात विंडोजऐवजी लिनक्स टाकते. ते फुकट मिळतं आणि एकदा नीट बसवलं की वर्षानुवर्षं तक्रार करत नाही, फक्त त्याला कोणी छेडायचं नाही. आता आपल्याकडे न छेडता राहिलेली वस्तू मला कोणी दाखवावी.

तात्यासाहेबांची लेथ, म्हणजे लोखंड फिरवून कातायचं मशीन, मी सहा वर्षांपूर्वी अशीच उभी केली. तात्यासाहेब मूळचे सोयगावकडचे. शेती भावाच्या हवाली करून त्यांनी इथं वर्कशॉप टाकलं. तिथं पंपाचे शाफ्ट बनतात आणि ते बन्सीभाऊ बनवतात. बन्सीभाऊ पाचोडचे, वय सत्तावन्न, लेथवर उभे राहून सव्वीस वर्षं झाली. शाफ्टवरून अंगठा फिरवून ते साइझ सांगायचे, मग मायक्रोमीटर लावायचे, आणि मायक्रोमीटर बहुतेक वेळा त्यांचंच म्हणणं खरं करायचा. या गोष्टीचं वर्कशॉपला कौतुक होतं आणि त्यांनाही होतं. ते बोलून दाखवायचे नाहीत एवढंच.

दसरा होऊन दहाएक दिवस झाले असतील, तात्यासाहेबांचा फोन आला. शाफ्ट खराब निघत होते. पन्नासात सहा-सात तरी जाड नाहीतर बारीक. मी म्हटलं, बघते येऊन. तर ते म्हणाले, बघायला नको, मशीन ठीक आहे. बन्सीची नजर गेली आहे. सोमवारपासून लेथ गोकुळकडे द्यायची आणि बन्सीला कानसकामाच्या टेबलावर बसवायचं. गोकुळ नवीन आहे, तेव्हा त्याला समजेल असं स्क्रीनवर सगळं मोठ्या अक्षरांत करून द्या, एवढंच काम आहे.

कानसकाम म्हणजे तयार शाफ्टच्या कडा घासून गुळगुळीत करणं. वर्कशॉपमध्ये जो नवीन लागतो तो तिथून सुरुवात करतो. सव्वीस वर्षांनी त्याच टेबलावर जाऊन बसायचं, तेही ज्याला आपण शिकवलं तो आपल्या लेथवर उभा असताना. तात्यासाहेब वाईट माणूस नाहीत, ते हे दुःखानेच सांगत होते. पण दुःखाने सांगितलं म्हणून गोष्ट बदलत नाही, आणि मला त्यांचा राग आला.

बुधवारी सकाळी मी गेले. बन्सीभाऊ लेथवरच होते. एरवी मला बघून ते आधी चहा सांगतात. त्या दिवशी त्यांनी नुसती मान हलवली. शाफ्ट काढला, मायक्रोमीटर लावला, बघितलं. मग उजेडाकडे वळून पुन्हा बघितलं. मग पार दारात जाऊन उन्हात तिसऱ्यांदा बघितलं. पूर्वी हा माणूस चालता चालता आकडा वाचायचा.

अक्षरं मोठी करायला मी कॉम्प्युटरसमोर बसले आणि शेजारी लेथ चालू होती. तिचा आवाज मला पाठ आहे. दहा मिनिटांत मला तो कुठेतरी अडखळताना ऐकू आला. अगदी किंचित, बोलताना एखाद्याची जीभ अडखळावी तेवढाच. मी सिस्टिमची आवृत्ती उघडून बघितली. मी बसवलेल्या कर्नलचा आकडा पाचने सुरू होत होता. समोर सहा होता. नुसता कर्नलच नाही, अख्खी सिस्टिम कोणीतरी दोन पायऱ्या वर चढवून ठेवली होती.

कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला मुकादम. कोणतं काम आधी आणि कोणतं मागून, हे तो ठरवतो. घरच्या कॉम्प्युटरचा मुकादम जरा ढिला असला तरी चालतं, गाणं क्षणभर थांबलं तर कोणाचं काही जात नाही. लेथच्या मोटरला मात्र सेकंदाला हजारो इशारे ठरल्या वेळीच द्यावे लागतात. त्यासाठी मी मुद्दाम वेळेचा पक्का मुकादम शोधून बसवला होता. नवा त्याच्या घाईत मधूनच एखादा इशारा गाळत होता. इशारा गाळला की टूल केसभर मागे राहायचं आणि शाफ्ट जाड निघायचा. तो बघून बन्सीभाऊ सेटिंग बदलायचे. तोवर पुन्हा कुठेतरी इशारा गळायचा आणि सगळ्यांना दिसायचं ते एवढंच, की बन्सीभाऊंनी हात लावला आणि माल बिघडला.

मी तात्यासाहेबांना बोलावलं आणि सांगितलं, की नजर बिजर काही नाही, कोणीतरी अपडेट केलं आहे. त्यांना ते पटलं नाही. अपडेट केलं म्हणजे मशीन चांगलं व्हायला हवं, बिघडेल कसं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मुलाचा, राजकुमारचा मोबाईल तर दर महिन्याला अपडेट होतो. राजकुमार तिथंच उभा होता. या पोराला लेथला नवा कोरा कंट्रोलर हवा आहे आणि माझं फुकटातलं लिनक्स त्याच्या डोळ्यांत खुपतं. मी सरळ त्याच्यावरच आळ घेतला. तो म्हणाला, मी त्या डबड्याला कधी हात लावत नाही. मी म्हटलं, सगळे असंच म्हणतात. तो चिडला, मीही चिडले, आणि तात्यासाहेब दोघांच्या मध्ये उभे राहून एवढंच म्हणाले, की सोमवारच्या आत शंभर शाफ्ट सलग बरोबर काढून दाखवा, मी मानतो. नाहीतर लेथ गोकुळकडे.

बन्सीभाऊ कापसाच्या चिंध्यांनी हात पुसत उभे होते. त्यांना मी काही विचारलं नाही.

आता मागे जायचं होतं. यात काय एवढं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा करून बघावं. वर चढायला एक बटण असतं, खाली उतरायला मात्र कोणी जिना ठेवलेला नसतो. कॉम्प्युटर सुरू होताना जुना कर्नल निवडायची एक यादी येते, म्हणून मी ती उघडली. यादीत दोनच कर्नल होते, दोन्ही नवे. जुना सिस्टिमनेच काढून टाकला होता. नोंदीत स्वच्छ लिहिलं होतं, की याची आता गरज उरलेली नाही. मी त्या वाक्याकडे बघून एक शिवी दिली, ती इथं लिहीत नाही.

मग मी एकटा जुना कर्नल आणून बसवायला गेले. तर त्याला त्याच्या वेळचे जोडीदार हवेत. त्या जोडीदारांना आणखी जुने जोडीदार हवेत. चौथ्या पायरीवर सिस्टिम मला म्हणाली, हे करायचं असेल तर मी लेथ चालवायचा प्रोग्रामच उडवते, चालेल का? लग्नाला एकाला बोलवावं तर त्याचे मेहुणे आणि मेहुण्यांचे साडू रुसून बसावेत, तसं चाललं होतं. दुपारचे दोन वाजले. डबा तसाच राहिला.

शेवटी ठरवलं, की सगळं पुसायचं आणि जुनी सिस्टिम पहिल्यापासून टाकायची. तिची डीव्हीडी मी सहा वर्षांपूर्वी इथंच ठेवली होती, लेथच्या मागच्या कप्प्यात. तेव्हा सगळ्यांना बजावलं होतं, की यात मशीनचा जीव आहे, जपा. त्यांनी जपली होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हत्यारांबरोबर तिचीही दरवर्षी पूजा केली होती. नट आवळायचे पाने, मायक्रोमीटर, लेथ आणि शेवटी डीव्हीडी, ओळीने. तिच्यावर हळदीची, कुंकवाची बोटं, वर अक्षता, आणि सहा वर्षांचं मिळून त्याचं असं काही पोटीस बनलं होतं, की चकाकणारी बाजू कोणती तेच कळेना. मी ती साबणाने धुतली, ओढणीने पुसली, पुन्हा धुतली. ड्राइव्हने ती आत घेतली, तीन वेळा कण्हून फिरवली आणि बाहेर ढकलली. राग कोणावर काढायचा? देवाधर्माचं केलं होतं त्यांनी. मशीनचा जीव असं मीच म्हटलं होतं, मग कुंकू लावणार नाहीत तर काय करतील?

लेथच्या कॉम्प्युटरला जोडलेलं ऑफिसचं इंटरनेट नेमकं त्याच दुपारी बंद पडलं, म्हणून मग जुन्या आवृत्त्यांच्या साठ्यातून ती सिस्टिम मोबाईलच्या इंटरनेटवर उतरवायला लावली. वाळूजच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये रेंज येते ती फक्त वॉश बेसिनजवळ. मोबाईल साबणाच्या खोबणीत ठेवून मी चार तास त्याची राखण केली. कोणी हात धुवायला आलं की मी अंगावर जायचे. बावन्न टक्क्यांवर ते तुटलं आणि पुन्हा शून्यापासून सुरू झालं. त्या वेळी मी नेमकं काय बोलले, ते गोकुळ अजून लोकांना सांगतो.

गुरुवारी सकाळी जुनी सिस्टिम बसली. लेथची मापं माझ्या लॅपटॉपवर होती, नशीब माझं, कारण इथली सगळी नव्या आवृत्तीने आपल्या पद्धतीने बदलून टाकली होती आणि जुनीला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. शेवटी मी कर्नलला कुलूप घातलं, म्हणजे एक हुकूम दिला, की कोणीही सांगितलं तरी हा बदलायचा नाही. एका ओळीचा हुकूम, अर्ध्या मिनिटाचं काम. सहा वर्षांपूर्वी मी तो दिला नव्हता. ही गोष्ट तेव्हा मला बोचली, पण मी ती झटकून टाकली, कारण गुन्हेगार अजून सापडायचा होता.

बन्सीभाऊंनी शंभर शाफ्टांचा लॉट सुरू केला. आवाज पुन्हा सरळ झाला होता. मी लॅपटॉप उघडला. जुनं सगळं पुसण्याआधी मी नोंदवही तेवढी उतरवून घेतली होती. सिस्टिम आपल्या नोंदवहीत सगळं लिहून ठेवते. कोणत्या दिवशी, किती वाजता काय बसवलं, काय काढलं. राजकुमारच्या नाकासमोर ती धरायची आणि विचारायचं, की आता बोल, एवढाच माझा बेत होता.

नोंद सापडली. खंडेनवमीचा दिवस. सुरुवात अकरा बेचाळीस, शेवट दीड वाजता.

मी राजकुमारला हाक मारली. तो म्हणाला, खंडेनवमीला मी पिशोरला सासुरवाडीला होतो, आदल्या दिवसापासून. मोबाईलमधले फोटो दाखवले, त्यात तो मेहुण्याच्या ट्रॅक्टरला हार घालत होता. मग इथं कोण होतं? तो म्हणाला, पूजेची साफसफाई करायला बन्सीभाऊ एकटेच येतात, बाकीचे दुपारनंतर. आणि तो गेला.

मी खुर्चीतच बसून राहिले. बन्सीभाऊ स्वतःच्या मनाने कॉम्प्युटरवरचं एक बटण दाबणारे नव्हेत. सहा वर्षांत त्यांनी मला विचारल्याशिवाय कशालाच होकार दिलेला नाही. मी मोबाईलमधली फोनची यादी मागे मागे नेली. खंडेनवमी, अकरा चाळीस, बन्सीभाऊ लेथ. अडतीस सेकंद.

तेव्हा आठवलं. पाण्याचा दिवस होता. एक ड्रम भरून वाहत होता, दुसऱ्यात पाइप नव्हता, गॅसवर पुरणाची डाळ उतू चालली होती. बन्सीभाऊ सांगत होते, की पूजेसाठी कॉम्प्युटर पुसायला घेतला तर स्क्रीनवर काहीतरी विचारतोय, व्हय म्हनू का नाय म्हनू? मी काय विचारतोय ते वाचायलाही सांगितलं नाही. मी म्हटलं, "हो म्हणा. जे जे विचारेल त्याला हो म्हणा, आणि सणाच्या दिवशी तरी मला फोन करू नका, बन्सीभाऊ." ते बरं म्हणाले. मग ते पुसलेल्या मशीनजवळ दीड वाजेपर्यंत बसून राहिले असणार, आणि जे जे विचारलं जाईल त्याला हो म्हणत गेले असणार.

खरं सांगायचं तर पहिला विचार आला तो लपवण्याचा. सिस्टिमच्या कंपनीकडूनच आलं असं म्हटलं असतं, तर या शेडमध्ये ते खोटं ओळखणारं कोणी नव्हतं. शाफ्ट बरोबर निघत होते, बन्सीभाऊंची लेथ त्यांच्याकडेच राहणार होती, मग बाकीचं कशाला? मला लाज वाटली, आणि लाज वाटण्याचाही राग आला.

दुपारी शंभर शाफ्ट पुरे झाले. तात्यासाहेबांनी स्वतः मायक्रोमीटर घेऊन त्यातले वीस तपासले, एकही मापाबाहेर निघाला नाही. म्हणजे मशीनच होतं, असं ते दोनदा म्हणाले. बन्सीच्या पाठीवर थाप मारली, सोमवारची गोष्ट विसर म्हणाले. आणि मग त्यांनी मला विचारलं, की अपडेट केलं तरी कोणी?

"मी केलं," मी म्हटलं. "म्हणजे बन्सीभाऊंनी फोन करून विचारलं होतं आणि मी न ऐकताच हो म्हणा म्हणाले. कुलूपही मीच घातलं नव्हतं."

राजकुमारच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बघून घेतलं. माझा हक्काचा वाटा होता तो. तात्यासाहेब मात्र माझ्याकडे बघतच नव्हते. ते बन्सीभाऊंवर उखडले. दहा दिवस मी तुझ्या नजरेबद्दल वाट्टेल ते बोललो, तुला टेबलावर बसवायला निघालो, आणि तू एका शब्दाने बोलला नाहीस? मॅडमला वाचवत होतास काय?

मलाही तसंच वाटलं होतं.

बन्सीभाऊ गोंधळले. वाचवण्याचं त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

"नाय मालक," ते म्हणाले. "फोन केलेला मला ध्यानात व्हता. पण ताईंनी व्हय म्हना म्हन्लं व्हतं. ताईंचं काय चुकत नसतंय. मग ऱ्हायलं कोन? मीच ऱ्हायलो ना." मग माझ्याकडे वळून ते खुलासा केल्यासारखं म्हणाले, "रविवारी पाचोडच्या बाजाराला गेलो तवा तिथं डोळ्याच्या डागदराला बी दाखवलं, ताई. तो म्हन्ला, नजर साफ हाय, काय झालं नाय. मला वाटलं, त्याला काय कळतंय. तुमचं मशीन काय खोटं बोलन व्हय."

तात्यासाहेब लागलीच ऑफिसात गेले. मी सहा वर्षं या माणसाला फोनवर वैतागून उत्तरं दिली होती, आणि प्रत्येक वेळी बरोबर दिली होती. त्याने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या वैतागावर जास्त विश्वास ठेवायला शिकावं, इतकी बरोबर.

लेथवर एक शाफ्ट उरला होता, एकशे एकावा. त्यांनी तो काढला, अंगठा फिरवला आणि मग मायक्रोमीटरसकट माझ्यापुढे धरला. तुमीच बघा ताई, म्हणाले.

मी घेतला नाही. नोंदीचा कागद पुढे ओढला, पेन हातात धरलं आणि त्यांना म्हटलं, तुम्ही वाचा, मी लिहिते. त्यांनी इथंच बघितलं. खात्री वाटेना म्हणून ट्यूबखाली गेले. मग दारात गेले, उन्हात उभे राहून मायक्रोमीटर जवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. बराच वेळ लागला त्यांना. मी घाई केली नाही. मग त्यांनी आकडा सांगितला आणि मी तो न बघता लिहिला.